ओटीपी माझ्या फोनवर येतो

बाळ्या,

मी मावशीकडे चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल मित्रांसमोर तू टीव्हीवरच्या आपल्या तिन्ही ओटीटी ॲपच्या वर्गण्यांची तुलना मांडलीस. एकीवर मॅच, दुसरीवर तुमची ती खुनाची मालिका, तिसरी माझी. "आई एकच जुना सिनेमा पुन्हा पुन्हा बघते, ही काही परवडत नाही," म्हणालास आणि माझ्यादेखत बंद करून टाकलीस. सगळे हसले. चारचौघांत शोभा नको म्हणून मीही हसले. तो सिनेमा मी अकरा वेळा बघितला, हे तू मोजलंस. पहिल्यांदा कुणाबरोबर बघितला, ते तुझे बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं.

असो. पहिला महिना फुकट मिळावा म्हणून उरलेल्या दोन्ही तू माझ्या नंबरवर घेतल्या होत्यास. आज सकाळी मी टीव्हीवर दोन्ही लॉगआउट केल्यात. पुन्हा चालू करायला ओटीपी लागेल. तो माझ्या फोनवर येतो, आणि फोन मी रविवारपर्यंत बंद ठेवणार आहे.

संध्याकाळी त्या मालिकेचा शेवटचा भाग बघायला तुझी मंडळी येणार आहेत ना? त्यांना तसंच परत पाठवू नकोस. लॉगआउट करायच्या आधी मी तो बघून घेतलाय. खून त्या इन्स्पेक्टरच्या आईने केला. तिच्यावर शेवटपर्यंत कुणाचा संशय गेला नाही, कारण घरात तिला कुणी मोजतच नव्हतं.

आई