एका पानाची तीन नावं

माय,

गेल्या महिन्यात इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. "घरात आणखी कोणाला अंधारात दिसायचा त्रास होता का? आईला, वडिलांना?" मी हसले. म्हटलं, छे हो, आमची आई तर अंधारात आमच्यापेक्षा बरी वावरायची, लाईट गेली की सगळं घर तिच्या भरवशावर. डॉक्टरबाईंनी कागदावर 'नाही' असं लिहिलं आणि मला शांतपणे समजावून सांगितलं. आधी संध्याकाळचं दिसणं कमी होतं, मग कडेचं जातं, मधलं तेवढं पुष्कळ वर्षं टिकतं. त्यावर औषध नाही. वेग ज्याचा त्याचा. हे रक्तातून येतं, तेव्हा मुलीचे डोळे लवकर तपासून घ्या, असंही त्या म्हणाल्या. मी बाहेर येऊन ऑटोत बसले, आणि ऑटो रेल्वे फाटकाशी थांबला तेव्हा एकदम लक्षात आलं की आपण बाईंना काय सांगून आलो. परत जाऊन ते 'नाही' खोडायला लावावं असं फार वाटलं. पण फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी घरी आले.

सध्या मी माझे बुकमार्क लावते आहे. हा शब्द मी तुला एकदा सांगितला होता, पण त्याला फार वर्षं झाली, म्हणून पुन्हा सांगते. कॉम्प्युटरवर कामाचं एखादं पान दिसलं की ते परत सापडावं म्हणून त्याचा पत्ता ठेवून द्यायचा, त्याला बुकमार्क म्हणतात. अमरावतीला माहिती केंद्रात लागले तेव्हा माझं कामच ते होतं. त्या वर्षांत आपल्या वऱ्हाडातून रोज वाईट बातम्या यायच्या आणि आमच्या बाकड्यावर सकाळपासून माणसं येऊन बसायची. कोणाला कपाशीवरच्या रोगाचं विचारायचं असे, कोणाला पोरीच्या वसतिगृहाचं, कोणाला दवाखान्याच्या योजनेचं. मी पानं शोधून ठेवायची आणि फोल्डरमध्ये घालायची. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी एक फोल्डर. शेती, शेतीत कापूस, कापसात रोग, रोगात सरकारी. मला त्या रचनेचा भारी अभिमान होता. शेवटी तुझीच लेक, प्रत्येक वस्तूला एक जागा आणि ती वस्तू त्याच जागी.

मग एक दिवस धारणीकडची एक बाई आली. पहाटेच्या जीपने निघून, पुढे बस पकडून पोचलेली. नवरा गेला होता आणि दीर सातबाऱ्यावर तिचं नाव लागू देत नव्हता. तिच्या कामाचं अगदी नेमकं पान मी आठवडाभरापूर्वीच ठेवलं होतं. ते मला सापडेना. शेतीत पाहिलं, महिलांमध्ये पाहिलं, कायद्यात पाहिलं, मेळघाटाचं वेगळं फोल्डर होतं त्यात पाहिलं. ठेवताना त्या दिवशी मला ते पान कशाचं वाटलं होतं कोण जाणे. ती बिचारी पदर सावरून बसून होती. शेवटी परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा उठली आणि मलाच धीर दिला, "सापडलं त ठेवजो बाई. मी पुढच्या बाजारी येईन." एवढ्या लांबून पुन्हा यायचं, आणि ती असं म्हणाली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळणारा एक जण होता, आपल्या अकोल्याचा, जुन्या शहरातलाच, मोर्णा नदीच्या आपल्याच काठावरचा. तो मागून सगळं पाहत होता. म्हणाला, "ताई, एका पानाले एकच घर कायले पायजे? आमच्या मोहल्ल्यात मले कोणी मामू म्हणते, कोणी भाईजान म्हणते, कोणी कम्प्युटरवाला म्हणते. कायनंबी आवाज द्या, येतो त मीच ना?" मग त्याने मला टॅग दाखवले. पान कुठल्याच खणात ठेवायचं नाही, नुसती त्याला नावं चिकटवायची, पाहिजे तेवढी. शेती, महिला, सातबारा, धारणी. यातलं जे आठवेल ते लिहिलं की पान हजर. त्याच्याशेजारी बसून मी जुनी पानं एकेक उघडली आणि तिचं पान निघालं 'कापूस'मध्ये. त्या पानावर उदाहरणादाखल दिलेली बाई कापूस लावत होती, एवढंच त्याचं कारण. ती पुढच्या बाजारी आली तेव्हा मी ते छापून तयार ठेवलं होतं.

त्या रविवारी मी अकोल्याला आले ते हे तुला सांगायलाच. संध्याकाळची वेळ, तुझ्या पोळ्या चाललेल्या. दहा-बारा डबे भिंतीशी रांगेत, कॉलेजच्या पोरांचे आणि त्या दोघा बँकवाल्यांचे. मी दारात बसून बडबडत होते आणि नेहमीसारखी लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस, कोणाला त्याचं काही वाटत नसे. मी माचिस शोधत चाचपडले आणि तुझा हात थांबलासुद्धा नाही. लाटणं, तवा, मिठाचा डबा, तुपाची वाटी, सगळं जिथल्या तिथे आणि तू त्यांच्या मधोमध. शेजारची काकू कौतुकाने म्हणायची, "तुह्या मायले लाईट असली काय न नसली काय!" आम्हालाही ते कौतुकच वाटायचं.

"म्हंजे एक वस्तू पाच ठिकाणी ठेवाची?" तू अंधारातून विचारलंस.

"ठेवाची एकाच ठिकाणी, माय. नावं पाच."

"नावानं काय होते? हात कुठी घालाचा ते सांग."

"तठी हात घालाच लागत नाही. नाव लिहिलं का पान समोर येते, दिसते."

तू पोळी उलटलीस. म्हणालीस, "मंग बरं हाय. ज्याले दिसते त्याच्यासाठी बरं हाय."

मला वाटलं, कॉम्प्युटर आपल्याला येत नाही म्हणून तू असं म्हणते आहेस. पुढच्या खेपेला तुला शिकवीन, असंही मी म्हटलं. तू पुढची पोळी लाटायला घेतलीस.

आणि ते बरण्यांचं. माझा पगार सुरू झाला तेव्हा तुझ्यासाठी आणलेला तो सेट. एकसारख्या, पारदर्शक, हिरव्या झाकणांच्या, प्रत्येकीवर मी माझ्या बऱ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती. मीठ, साखर, खायचा सोडा, रवा. तू दुपारी दळणाला गेलीस आणि मी तुझा सगळा संसार बरण्यांत भरून टाकला. पोचे पडलेला वनस्पती तुपाचा डबा, बिस्किटांचा चौकोनी, दुधाच्या पावडरीचा झाकण सैल झालेला, सगळे भंगारवाल्याच्या गाडीवर घातले आणि तुझ्या खूश होण्याची वाट पाहत बसले. तू आलीस, ओळीने ठेवलेल्या बरण्या पाहिल्यास, आणि तुझा चेहरा असा उतरला की मी घाबरलेच. "माहे डबे कुठी हाय?" मी सांगितलं. तू अनवाणी गल्लीत पळालीस. मी मागून पळाले. कोपऱ्यावर तू त्याची गाडी अडवलीस, त्याच्या ढिगातून एकेक डबा काढून छातीशी धरलास. तो म्हणत होता, "अम्मा, इसमें क्या रखा है?" लोक पाहत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तू प्रत्येक डब्यावरून बोटं फिरवलीस आणि मला म्हणालीस, "उचल ते अठून. पुन्हा माह्या चुलीपाशी हात लावजो नको." मी दोन रविवार घरी आले नाही. माझ्या भेटीपेक्षा हिला भंगार प्यारं, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले. बरण्या माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

माय, त्या सगळ्या एकसारख्या होत्या. बोटांना मीठ कुठलं आणि सोडा कुठला, काय कळणार होतं? पोचा पडलेला डबा म्हणजे मीठ, चौकोनी म्हणजे साखर, सैल झाकणाचा म्हणजे सोडा. हे मला ऑटोत, फाटकाशी कळलं.

एकदा कळलं आणि मग थांबेना. उंबऱ्यात चपला दिसल्या की तू केवढी चिडायचीस. संध्याकाळच्या लग्नाला तू कधी गेली नाहीस, "मले गर्दी आवडत नाही" म्हणायचीस. विहारातल्या कार्यक्रमाहून परत येताना मोर्णेच्या पुलावर माझं मनगट घट्ट धरायचीस. मी पोट्टी, मला वाटायचं मी पळून जाईन म्हणून तू मला धरून आहेस. मी मोठी झाले, कॉलेजात गेले, तरी धरायचीस, आणि मी लाजून हात सोडवून घ्यायची. दुपारी मात्र सुईत दोरा एका झटक्यात ओवायचीस, डाळीतला बारीक खडा वेचायचीस, मग कोणाच्या मनात तरी कसं येणार? बाबा धारणीच्या गाडीवर कंडक्टर, मुक्काम करून एक दिवसाआड यायचे. ते दारातूनच "आलो हो मी" म्हणायचे आणि तू मान वळवेपर्यंत तिथेच उभे राहायचे. त्यांना ठाऊक असावं. त्यांनीही सांगितलं नाही, आणि आता विचारायला तेही नाहीत.

तू का लपवलंस ते मला कळतं. दिसत नाही अशा बाईच्या हातचा डबा कोणी लावला असता? पहिल्याच महिन्यात पोरं दुसरीकडे गेली असती, आणि माझी फी त्या डब्यांवर होती. हे सगळं कळूनही मला तुझा राग येतो. तू तापाने आठ दिवसांत गेलीस, शेवटपर्यंत माझा हात धरून होतीस, तेव्हा तरी सांगायचंस. सांगून काही बरं झालं नसतं, औषध तर तेव्हाही नव्हतंच. पण त्याआधी, मी कॉलेजात असतानाच सांगितलं असतंस, तर पुलावर मी हात सोडवून घेतला नसता.

तर, बुकमार्क. केंद्र बंद होऊन जमाना झाला, पण पानं जमवायची खोड गेली नाही. दिवसाउजेडी मला अजून नीट वाचता येतं, फक्त स्क्रीनच्या कडेला असलेलं निसटतं, आणि फोल्डरांची ती लांब यादी नेमकी कडेलाच असते. म्हणून उरलीसुरली फोल्डरं मोडून सगळ्याला टॅग लावते आहे. पुढे कधी अजिबातच दिसेनासं झालं तरी नाव तोंडाने म्हटलं की पान उघडतं आणि कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो, अशी सोय आता झाली आहे. हात कुठे घालायचा, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला एवढी वर्षं लागली. स्वयंपाकघरात मात्र मी तुझ्यासारखंच करते. माळ्यावरच्या त्या बरण्या मी माझ्या संसारात आणल्या होत्या. त्यातल्या मिठाच्या बरणीला आता रबर गुंडाळलं आहे, सोड्याच्या बरणीला दोन.

या आजाराची माहिती असलेलं एक चांगलं पान मला सापडलं, मराठीत, साध्या भाषेत. जुन्या पद्धतीने असतं तर 'आरोग्य'मध्ये 'डोळे' आणि त्यात ते टाकून मी मोकळी झाले असते. पण टॅगचं तसं नसतं. चौकट उघडीच राहते आणि विचारत राहते, आणखी काय? मी लिहिलं, 'डोळे'. मग लिहिलं, 'माय'. मग लिहिलं 'लेक', आणि ते पुसलं. तेव्हापासून मी ते पान रोज उघडते, तो शब्द लिहिते आणि पुसते. तुझी नात पुण्याला नोकरी करते, रात्रीच्या पाळीहून स्कूटरवर परत येते. तिला सांगायला हवं. मी तर कोणाचे डबे करत नाही, लपवायला माझ्याकडे तुझ्यासारखं कारणही नाही. फक्त भीती वाटते. तिने विचारलं की तुला कसं कळलं, तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिच्या मनात तू अजून तीच आजी आहेस, जिला अंधारातही सगळं सापडायचं.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. बोलता बोलता मी स्वयंपाकघरात गेले, कामवालीने बाजूला सरकवलेला स्टूल मला दिसला नाही, आणि मी पातेल्यासकट पडले. लागलं नाही फारसं. तिने तिकडून आवाज ऐकला. "आई! काय झालं वो?" मी म्हटलं, काही नाही, लाईट गेली. ती म्हणाली, "आपल्याकडे आता कुठी जाते लाईट?" मी म्हटलं, गेली आज, कधी कधी जाते.

लाईट होती, माय. आणि त्या पानाला अजून दोनच नावं आहेत.