तेहतीसच्या वेगाचं दुःख

३ मार्च, रविवार

आजची बैठक यशस्वी. विषय: डूम मेटल आलं कुठून, आणि ते सर्वसामान्य माणसाला आवडेल का. हजर: मी, मास्तर, तुफान. गेल्या वेळेपेक्षा एक कमी. चालायचंच. मेटल संगीतातला सगळ्यात संथ, सगळ्यात जड प्रकार हा. गर्दी होणार कशी?

मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवतात आणि इथेही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोलतात. त्यांच्या मते डूमचं मूळ ब्लूजमध्ये, म्हणजे जुन्या अमेरिकन दर्दभऱ्या गाण्यांत. ब्लूजची गिटार जड केली, वेग उतरवला, झालं डूम. मी वाद घातला नाही. शांतपणे माझी रेकॉर्ड लावली. जुन्या बाजारात मिळालेली, छोटी, कव्हर नाही, भाषा कुठली देव जाणे. (रेकॉर्ड प्लेअरला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे.) त्यातला गायक एक शब्द उच्चारतो आणि दुसरा येईपर्यंत चहा गार होतो. डूमचा जन्म इथे झाला, हा माझा सिद्धांत. हा पोटच्या पोराला मूठमाती देऊन आलेला बाप आहे.

मास्तर म्हणाले, भाषा कळत नाही तर बाप कुठून काढलास? मी म्हणालो, दुःखाला भाषा लागत नाही. मास्तरांनी बिस्किट उचललं. म्हणजे मुद्दा मान्य.

तुफानच्या डोळ्यांत पाणी. हा टायरच्या दुकानात कामाला. पूर्वी एका सुसाट बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्यावरून हे नाव. ही रेकॉर्ड आणि माझं विवेचन ऐकून त्याने तो बँड सोडला. गेले सहा महिने हे एकच गाणं बसवतोय. एका माणसाचं आयुष्य मी बदललं, ही लहान गोष्ट नव्हे.

संकल्प: या महिन्यात सर्वसामान्य श्रोता जिंकायचा. २४ तारखेला सभागृहात स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम आहे. तुफानला दहा मिनिटं मिळालीत. प्रास्ताविक माझं.

५ मार्च, मंगळवार

दुकानात डूम लावून पाहिलं. चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर काढतो, त्यामुळे सर्वसामान्य श्रोता समोरच बसलेला असतो, हनुवटी टेकवून. एक बाई म्हणाल्या, अक्षरं दिसतायत हो, पण वाचावीशी वाटत नाहीत. एका गृहस्थांनी हळूच विचारलं, कोण गेलं? मालकांनी बंद करायला लावलं. परिणाम होतो हे सिद्ध.

घरी बायको म्हणाली, आई येतेय, गुडघ्यांच्या उपचाराला. तुझी रडगाणी जरा बेतानं.

९ मार्च, शनिवार

भयंकर.

संध्याकाळी घरी आलो तर आतून नाचरं गाणं. बाईचा आवाज, टुणटुण उड्या मारणारा, मागे अ‍ॅकॉर्डियन. सासूबाई खुर्चीत बसून तालावर पाय हलवत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, धूळ पुसताना तुमच्या यंत्राचा हा खटका सरकला बघा. तुमच्याकडे एक तरी जिवंत गाणं निघालं!

माझीच रेकॉर्ड होती.

बायकोने ती उचलून लेबल वाचलं. वेग: मिनिटाला पंचेचाळीस फेरे. आणि मी सहा महिने तेहतीसवर लावत होतो. ती म्हणाली, स्वतःचे डोळे तपास आधी. मी म्हणालो, माझी नजर उत्तम आहे, लेबल सारखं फिरत असतं. मग तिने मोबाईलवरचं भाषांतराचं अ‍ॅप गाण्यासमोर धरलं. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांच्या कवायतीचं गाणं. हात वर, हात खाली, गुडघा उचला, शाब्बास.

माझा तो पोराला मूठमाती देऊन आलेला बाप म्हणजे ही बाई.

संकल्प: उद्याच तुफानला सांगायचं. माणसाने सरळ असावं.

१० मार्च, रविवार

सांगितलं नाही. मास्तर हजर होते. त्यांच्यासमोर सांगणं म्हणजे ब्लूजला आयती फुलं वाहणं. शिवाय तुफानच बोलत होता. म्हणाला, फास्ट वाजवताना डोक्यात काही येत नाही, हात पळतात नुसते. इथे दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा असते की सगळं आठवतं. बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. हे गाणं वाजवताना रडतो.

मी त्याला बिस्किट दिलं. दुसरं काय देणार?

त्याने रेकॉर्ड लावायला सांगितली. मी खटका तेहतीसवर नेला. बैठकीच्या वेळात सासूबाईंना, हवा छान पडलीय, असं सांगून फिरायला धाडलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी. परत आल्या तेव्हा कठडा धरून जिना चढत होत्या. मी दार लोटून घेतलं.

१५ मार्च, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून टायरच्या दुकानात गेलो. विषय काढायच्या आत त्याने माझ्या स्कूटरच्या चाकातला खिळा काढला, पंक्चर काढलं, दुसऱ्या चाकातही हवा भरली. अशा माणसाला कसं सांगणार? भिंतीवर त्याच्या जुन्या बँडचं पोस्टर होतं. आता दौऱ्यावर निघालेत. तो म्हणाला, मीही गेलो असतो रे. बरं झालं तू वेळेवर खरं काय ते दाखवलंस.

खरं काय ते. घरी येऊन जेवण गेलं नाही, म्हणजे फार गेलं नाही.

संकल्प: सोमवारपर्यंत नक्की.

१९ मार्च, मंगळवार

सोमवार गेला. पण एक महत्त्वाचा विचार सुचला. ही चूक नव्हे, शोध आहे. कवायतीच्या गाण्यातसुद्धा दुःख दडलेलं असतं, ते बाहेर काढायला माझ्यासारखा कोणी लागतो. बायकोला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली.

सासूबाई रोज दुपारी पंचेचाळीसवर लावून पाय हलवतात. शब्द न कळता पाठ झालंय. शेजारच्या दोघीही येतात आता.

बायकोने विचारलं, त्या बिचाऱ्याला कधी सांगणार? मी म्हणालो, कार्यक्रमानंतर. ऐन वेळी कलाकाराचं मन विचलित करू नये. ती म्हणाली, कलाकाराचं, की प्रास्ताविक करणाऱ्याचं?

मी प्रास्ताविकाचा कागद शोधायला आत गेलो.

२४ मार्च, रविवार

बाप या वेळी वगळायचा, असं घरून ठरवून निघालो होतो. पण हातात माइक आला आणि बाप आला. पाठोपाठ मूठमाती. मग पाऊस आला, ओली माती आली, पूर्वी नसलेलं एक कुत्रंही आलं. आयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं.

मग तुफान. सोबत बेस गिटारवर गाण्याची चाल वाजवायला मास्तर. ब्लूजवाले असले तरी हात चांगला. पहिला ठोका पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. सभागृह खरोखर गप्प झालं. पुढच्या रांगेतला एक माणूस खोकला आला तरी खोकला नाही, मी पाहिलं. जिंकलं, असं मनात म्हणतो तोच तिसऱ्या रांगेतून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, अगं बाई, हे तर आपलं गुडघ्याचं गाणं! इतकं रडत का वाजवतायत? आणि शेजारणीची खात्री पटावी म्हणून योग्य वेगात गाऊन दाखवलं. हातांसकट.

सभागृह हसलं. मग टाळ्यांचा ठेका धरला, पंचेचाळीसचा.

तुफानने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण त्याने वेग बदलला नाही. त्या टाळ्यांमध्ये शेवटच्या ठोक्यापर्यंत तसाच सावकाश वाजवत राहिला. मला बघवलं नाही. मी पडद्याचा दोर बघत होतो.

नंतर काठ्या पिशवीत भरत त्याने विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी म्हणालो, तसं नक्की सांगता येणार नाही. मागून बायको म्हणाली, नऊ तारखेपासून.

३१ मार्च, रविवार

बैठक. हजर: मी. मास्तरांचा मोबाईलवर निरोप आला: ब्लूज. एवढंच.

तुफान फोन उचलत नाही. माफीचं पत्र लिहिलं. दोन पानी झालं, त्यात पावणेदोन पानं माझी बाजू. फाडलं. काल दुकानात कोणी नसताना स्वतःचा नंबर काढला. जवळचा दीड.

६ एप्रिल, शनिवार

सासूबाईंनी सभागृहाच्या मागच्या खोलीत गुडघ्यांचा वर्ग सुरू केलाय. त्या दिवशी हसलेल्यांपैकीच पुष्कळ बायका. तुफानला वाजवायला बोलवायला त्या स्वतः टायरच्या दुकानात गेल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. तो आला. मी रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पंचेचाळीसवर लावलं. तो पूर्वीसारखा सुसाट वाजवू लागला. थोड्याच वेळात बायका धापा टाकायला लागल्या. एक जण ओरडली, अहो, हे गुडघे आहेत, शिलाई मशीन नाही! तुफान उठला आणि खटका तेहतीसवर सरकवला.

बाईचा बाप झाला. बायकांचे हात सावकाश वर गेले, तितकेच सावकाश खाली आले. कोणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या आजी डोळे मिटून म्हणाल्या, हे बरंय, यात श्वास घ्यायला जागा आहे. संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लावा.

सर्वसामान्य श्रोता! मी ताबडतोब उभा राहिलो. या प्रसंगी डूमचा थोडा इतिहास सांगणं आवश्यक होतं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, बोलू नका, मोजायचं चुकतं.

बसलो. रिकामी खुर्ची तुफानशेजारीच होती. ठोका पडला. पुढचा यायला भरपूर अवकाश होता. तेवढ्यात म्हणालो, चुकलं माझं. आणखी काही म्हणणार होतो, पण खरं म्हणजे आणखी काही नव्हतं.

ठोका पडला. तो समोर बघतच म्हणाला, गुडघा उचल.

उचलला.