हात बाहेर?

४ नोव्हेंबर
मोठे काका गेले आणि त्यांची शेड माझ्या नावावर करून गेले. वर पत्रा, कोपऱ्यात जाळी आणि मधोमध हे इंजिन. पायावर बोल्टनं बसवलेलं, एका सिलिंडरचं, कमरेएवढी दोन चाकं. कंपनीची पितळी पाटी कोणीतरी काढलीय, चार स्क्रूंची भोकं तेवढी उरलीत. फोटो जुन्या इंजिनांच्या ग्रुपवर टाकले. बाबा फोनवर म्हणाले, भंगारवाल्याला दे आणि परत ये, काका अर्धवट होता. मी म्हटलं, अर्धवट माणूस इतकं मस्त ग्रीस लावून ठेवत नाही. नट रॉकेलमध्ये भिजत टाकलेत. जाम खूश आहे.

९ नोव्हेंबर
ओळख पटली. चाकाची कड घासल्यावर नंबर निघाला. ग्रुपवरच्या एका आजोबांनी पाच मिनिटांत सांगितलं: तीन हॉर्सपॉवर, विहिरीच्या पंपाचं. पाटीसुद्धा मिळाली, काकांच्या ड्रॉवरमध्ये, लाल रिबिनीत गुंडाळलेली. मागे खिळ्यानं कोरलंय, 'आधी विचार, हात बाहेर? उत्तर आलं की मगच चाक.' म्हणजे कोणाचा हात आत असताना फिरवायचं नाही. बेस्ट रूल. मी एकटाच असतो, तरी चाक ढकलायच्या आधी मोठ्यानं विचारलं. सवय लागावी म्हणून.
आतून टकटक झाली. दोनदा. मग चाक सहज फिरलं. गंज सुटत असेल.

१४ नोव्हेंबर
वेल्डर आला होता, पाण्याच्या टाकीची चीर भरायला. काकांच्या वयाचा. रिबीन बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, ही तुझ्या आत्याची. मी म्हटलं, आत्या लहानपणी तापानं गेली ना. तो हसला, पण चांगलं नाही हसला. म्हणाला, असला ताप मी दुसरीकडे नाही पाहिला पोरा. मग सगळं सांगितलं. ती अकरा वर्षांची, तेल घालायला हात आत. बाबा एकोणीसचे, त्यांना घाई. विचारलं नाही, फिरवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. माझ्या आजोबांनी खापर काकांवर फोडलं, पोरीला इंजिनाचा नाद कोणी लावला म्हणून.
डोकं फिरलंय माझं. चाळीस वर्षं काका अर्धवट आणि बाबा साळसूद.

१५ नोव्हेंबर
बाबांना फोन केला. आधी म्हणाले, वेल्डर पितो. मग म्हणाले, तू तेव्हा जन्मला तरी होतास का. मी म्हटलं, इथे या आणि तेव्हा जे विचारलं नाहीत ते आता तिला विचारा. म्हणाले, उद्या येतो, तुझ्या डोळ्यांसमोर चालू करून दाखवतो, संध्याकाळी भंगारात. फोन आपटला.
मी रॉकेलचा डबा लाथेनं उडवला. रागानंच.
टकटक आता न विचारताही होते.

१६ नोव्हेंबर, सकाळ
चाक हलत नाही. काल हलत होतं. विचारलं. उत्तर नाही. परत विचारलं. नाही.
म्हणजे तिचा हात अजून —
काहीतरीच. फडकं अडकलं असेल. झाकण काढून बघतो.

दुपार
डाव्या हातानं लिहितोय. उजवा आत. अडकला नाही, धरलाय. लहान बोटं. गार, तेलकट. खेचत नाहीत. सोडतही नाहीत.

ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही —

गाडी थांबली. बाबा. मी टाकीच्या आड खाली बसलोय, त्यांना दिसत नाही. हाका मारतायत, मग शिव्या. मी पाना जमिनीवर आपटला. ऐकू जात नाही. रागात त्यांना काही ऐकू येत नाही. मलाही कधी —

त्यांनी चाकाला हँडल लावलं.

बोटं घट्ट —

बाबा, विचारा ना. दोनच शब्द आहेत. ती पण वाट बघतेय. एकदा विचारा, बा