चिंचोक्यांवरून मारामारी

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या नातीने, मुक्तीने, वर्गात किरणला चावून रक्त काढलं आणि मला मेलीला हसू आवरत नाहीये. असं लिहू नये खरं तर. पण वही माझी आहे.

निपाणीहून या कन्नड शहरात, राजाजीनगरात आल्यापासून ही पोर शाळेत तोंडच उघडत नव्हती. घरात मराठीची टकळी, वर्गात कन्नड म्हटलं की दगड. मिस म्हणाल्या होत्या, अशीच राहिली तर परत पहिलीत बसवू. सुनेच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आज मोजायला चिंचोके होते, दहा-दहाचे ढीग करायचे. मीच धुऊन दिलेले. किरणने हिचा ढीग उधळला, वर मूठभर पळवले. हिने त्याचे केस धरून डोकं बाकावर आपटलं. त्याने पोटात लाथ घातली. मग हिने मनगट धरलं दातात. पुढचे दोन पडलेत, तरी बाकीचे उमटले.

मी न्यायला गेले तर हिचा ओठ सुजलेला, फ्रॉक फाटलेला. किरणच्या आईला हात जोडले. ते मनगट बघवत नव्हतं, खोटं कशाला लिहू?

मिस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अज्जी, ती काय ओरडली ठाऊक आहे? अदु नंदु, कोडु."

माझं आहे ते, दे. सगळ्या वर्गासमोर.

"आता शिक्षा?" मी विचारलं.

"उद्या किरणची माफी मागायची. कन्नडमध्येच."

आत्ता मुक्ती ती माफी पाठ करतेय. मधेच विचारते, "आजी, पुन्हा घेतलेस तर पुन्हा चावीन, हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं?"

सांगितलं मी.