मंगळवारच्या पाच नोंदी

७ मार्च, शनिवार

अठरा पानांचा लगदा! सगळ्या आठवड्याची मेहनत. गुरुवारी बसून शोधायच्या एकेका लपवलेल्या डब्याचं पान छापलं, प्लॅस्टिकच्या खिशांत घातलं, समासात पेन्सिलीनं खुणा केल्या — "पुलानंतर डावीकडे", "नेच्याखाली बघ". आणि मोलाला नावाच्या नदीकाठी माझ्या नवऱ्याचा, ऑरिनचा, पाय घसरला. तो नाही पडला. फाईल पाण्यात पडली.

वर उभा राहून हसत होता. "एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली मी. लगदा मला दाखवू नकोस, ओळखतो मी त्याला."

परतताना गाडीत पुन्हा तेच — कागद बंद कर आता. नवं यंत्र घेऊ. डब्याची जागा, वर्णन, सूचना, कुणाला सापडला, कुणाला नाही, सगळं त्याच्या पोटात. गिरणीवाल्याच्या तोंडी कागद बंद!

म्हटलं, बघू.

८ मार्च, रविवार

जिओकॅशिंगवाल्यांची, म्हणजे जीपीएसवर लपवलेले डबे शोधणाऱ्या आमच्या मंडळींची, महिन्याची न्याहारी. मर्ल — आमच्यातला सगळ्यात जुना, चार हजार डबे शोधलेला — सगळ्यांसमोर म्हणतो, "लिओना, तुझ्या फाईलला आता वेगळी गाडी लागणार. मागच्या सीटवर बसव, पट्टा लाव!" टेबलभर हशा. मीही हसले.

मग कॉफी ओतताना हळूच विचारून घेतलं, कुठलं यंत्र घ्यावं.

१२ मार्च, गुरुवार

यंत्र आलं. तळहाताएवढं. मर्ल फोनवर सांगत गेला, मी वायर जोडली, या खेळाच्या साइटवरून यादी उतरवली. पाचशे डबे तीन मिनिटांत आत!

मग बसून राहिले. छापायचं नसलं तर गुरुवारच्या दुपारी माणसानं करायचं काय? प्रिंटरवर फडकं टाकलं. काढलं. पुन्हा टाकलं.

१४ मार्च, शनिवार

कागदाशिवायची पहिली फेरी. सहा डबे. खरं लिहायचं तर — बरं वाटलं. हात मोकळे. डब्यातल्या वहीत मी आमचं जोडनाव लिहिते, 'ओले मोजे', आणि ऑरिन यंत्रावर 'सापडला' दाबतो. पडद्यावर डब्याच्या जागी हसरा चेहरा येतो. चौसष्ट वर्षांचा माणूस, किती खूश व्हावं!

साइटवरच्या नोंदी मात्र घरी येऊन मीच करते, आठवून आठवून. ऑरिन टाइप करायला बसला की एका ओळीला पाऊण तास.

२१ मार्च, शनिवार

पाच डबे. एक नाही मिळाला. रानात ट्रिलियमची पांढरी फुलं आलीत. ऑरिनचा गुडघा सुजलाय.

२८ मार्च, शनिवार

चारच. पाऊस. गाडीतच सँडविच खाल्ली. सुखाचा दिवस.

२ एप्रिल, गुरुवार

मर्लशी बोलता बोलता कळलं, मी उगाच आठवत बसते. यंत्रच लिहून ठेवतं म्हणे — 'सापडला' दाबलं की तारीख, वेळ, सगळं. वायर जोडायची, फाईल चढवायची, नोंदी आपोआप ओळीनं उभ्या. "तुझ्या नवऱ्यालाही माहीत नसेल," म्हणाला. "त्याला वाटतं ते फक्त हसतं."

चढवली. वीस ओळी आल्या.

आमचे डबे पंधरा.

पुन्हा मोजले. सहा, पाच, चार. पंधरा. उरलेले पाच आमचे नाहीत. मी तिथे गेलेच नाही. पाचही सिल्व्हरटन गावातले. सतरा मार्चला दोन, चोवीसला एक, एकतीसला दोन. वेळ साडेदहा ते साडेअकरा. तिन्ही दिवस मंगळवार.

मंगळवारी ऑरिन गिरणीतल्या जुन्या दोस्तांबरोबर वेस्ट लिनला कॉफीला जातो. गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्यापासून. सिल्व्हरटन अगदी उलट दिशेला.

पाचही डबे सोप्यातले सोपे. बागेतला बाक, वाचनालयामागचं कुंपण. चाललं की सापडावं असे. एका नोंदीत शेरा आहे — "पपपपलल". एवढंच.

हा काय शेरा झाला? कोणीतरी शेजारी उभं होतं. कोणीतरी हसत होतं त्याच्याबरोबर.

साइटवर आमच्या पंधरा नोंदी मी आधीच टाकल्या होत्या. त्या पाच तशाच ठेवल्या.

३ एप्रिल, शुक्रवार

विचारलं नाही. बटाटे सोलत होते, तो मागे येऊन उभा राहिला. "गप्प का?"

"दाढ दुखतेय."

लवंग आणून दिली त्यानं! मी ती दाढेखाली धरून बसले, काहीच दुखत नसताना. कोण असेल? चर्चमधली ती विधवा? तिला चालताना धाप लागते. म्हणूनच सोपे डबे? काय काय येतं डोक्यात. अडतीस वर्षांच्या संसारात याची बनियनसुद्धा मी आणते.

४ एप्रिल, शनिवार

गेलो नाही. दाढेचं निमित्त.

७ एप्रिल, मंगळवार

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

यंत्र त्याच्या खिशात होतं, पण यादी माझ्या कॉम्प्युटरवर आहेच. सिल्व्हरटनमध्ये ओढ्याकाठचा सोपा असा एकच डबा उरला होता, लाकडी पुलाजवळचा. तो निघण्याआधीच दुकानाचं निमित्त करून निघाले. गाडी वाचनालयामागे लावली, चालत पुलापाशी गेले. काय करणार होते, ठाऊक नाही. तोंडावर सांगणार होते बहुतेक काहीतरी.

आधी एक मुलगीच धावत आली. चारेक वर्षांची, लाल रबरी बूट, नाक वाहतंय. माझ्यासमोर थांबली.

"तू पण डबा शोधतेस?"

"हो," म्हटलं.

"तो माझा आहे. बटण मीच दाबते. आजोबा नाही दाबत. लिहिते पण मीच."

"काय लिहितेस?"

"अक्षरं," म्हणाली. एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

तिची हनुवटी. मधली ती खळी. माझ्या आईची, माझी, डार्सीची.

मागून ऑरिनची हाक आली — "हेझल! पुलावर पळायचं नाही!" — आणि मी चोरासारखी झाडांमागे सरकले. तिथून पाहिलं. ऑरिन आला, गुडघा धरत वाकला, तिला यंत्र दिलं. आणि त्यांच्या मागून थर्मास घेऊन डार्सी आली.

डार्सी, आमची एकुलती एक लेक. केस कापलेत. वाळलीय.

हे कधीच लिहिलं नव्हतं, आज लिहिते. पावणेपाच वर्षं झाली. डार्सी चोवीसची, पोटात मूल, आणि ते मूल ज्याचं तो मासेमारीच्या बोटीवर अलास्काला गेला तो गेलाच. मी तिला न विचारता दत्तक देणाऱ्या संस्थेला फोन केला. घरसुद्धा बघून ठेवलं, पोर्टलंडचं, चांगल्या माणसांचं. आणि स्वयंपाकघरात तिला सांगितलं, "देऊन टाक ते. तुला नाही जमायचं." असं सांगितलं जसं शाळेच्या ऑफिसात नोकरी करताना मी पालकांना सांगायचे, फॉर्म पुढे सरकवून. ती दुसऱ्या दिवशी घर सोडून गेली. जानेवारीत कार्ड आलं, पत्ता नसलेलं: "मूल दिलं. झालं तुझ्या मनासारखं."

तेव्हापासून दर जानेवारीत मी मनात त्या मुलाचं एक वर्ष वाढवते. मुलगा की मुलगी, तेही ठाऊक नव्हतं. परक्या घरी सुखात असू दे, एवढंच मागत आले.

आणि ते इथे होतं. पंचवीस मैलांवर. लाल बुटांत.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी त्याच्यापुढे त्या पाच ओळी ठेवल्या. मुद्दाम छापून. त्यानं वाचल्या. चष्मा काढला.

"मला वाटलं ते नुसतं हसतं," म्हणाला.

"किती दिवस?"

"निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात डार्सीनं गिरणीत फोन केला. मुलीनं विचारलं म्हणे, मला आजोबा आहेत का. तिला खोटं बोलवेना."

"आणि आजी आहे का, हे नाही विचारलं?"

चष्मा पुसत म्हणाला, "विचारलं होतं."

"मग?"

"लिओना, नको."

"मग काय सांगितलं तिनं?"

"नाही म्हणून सांगितलं."

मी बशी उचलली, धुतली, पुन्हा धुतली. तो मागून बोलत राहिला. अट होती. तुला कळलं की मंगळवार बंद. शंभरदा तोंड उघडलं, शंभरदा मिटलं. तुझ्या जानेवारीतल्या रडण्याला मी हिवाळ्याचं कारण देत होतो, तू त्या मुलासाठी रडतेस हे माहीत असूनही.

"तुला माहीत होतं? आणि या जानेवारीत माझ्या शेजारी झोपलास तू?"

"झोपलो नव्हतो," म्हणाला.

रागानं ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं कुणावर? त्यानं माझ्यापासून नात लपवली. मी तर तिला नकोच म्हटलं होतं.

१० एप्रिल, शुक्रवार

घरात पावलं वाजतात फक्त.

१४ एप्रिल, मंगळवार

दारात उभा राहून विचारलं त्यानं, "जाऊ?"

"जा."

"मी डार्सीला सांगणार आहे तुला कळल्याचं. आता खोटं नाही बोलवत मला."

"सांग," म्हटलं. मनात म्हटलं, नको सांगूस!

अकराच्या आत परत आला. बराच वेळ गाडीतच बसून होता, काच वर करून. शेवटी मीच बाहेर गेले. डार्सी एवढंच म्हणाली होती, "मग संपलं, बाबा." गाडी वळवून गेली. मागच्या सीटवरून हेझल हात हलवत होती. तिला वाटलं, डबा दुसरीकडे आहे.

ऑरिन रडला. लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं. मी त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. माझ्यासारख्या एका बाईनं त्याच्याकडून किती वेळा हिरावून घ्यावं?

१६ एप्रिल, गुरुवार

डार्सीला पत्र लिहायला बसले. पत्ता ऑरिननं दिला. पहिलं चार पानांचं झालं. फाडलं. दुसरं तीन. कारणं लिहायला लागलं की पत्र लांबतं — तू लहान होतीस, मला भीती वाटली, लोक काय म्हणतील. सगळं खरं, आणि सगळं माझ्याच सोयीचं.

शेवटचं सहा ओळींचं. त्या दिवशी जे म्हटलं ते शब्द जसेच्या तसे लिहिले. खाली लिहिलं की हे मी म्हटलं, ते चूक होतं, आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही. मला काही नको. बाबांचे मंगळवार त्यांना परत दे.

पेटीत टाकून आले.

२५ एप्रिल, शनिवार

मर्लचा फोन — "ओले मोजे वाळले की काय?" ऑरिन बरा नाही, सांगितलं.

३० एप्रिल, गुरुवार

डार्सीकडून काही नाही.

५ मे, मंगळवार

सकाळी आठला डार्सीचा फोन. आवाज ओळखला आणि खुर्ची शोधली. म्हणाली, "आज बाबांबरोबर ये. पण आजी म्हणून नाही. बाबांबरोबर डबे शोधणारी एक बाई, बस. हेझलनं विचारलं तर नाव सांगायचं. जास्त काही नाही. तिच्यासमोर रडायचंही नाही." मी म्हटलं, "बरं." "पुढचं मला माहीत नाही," म्हणाली. "मलाही नाही," म्हटलं. ऑरिननं गाडी सुरू केलीय. नाव विचारलं तर सांगायचं — लिओना.