सव्वाबेचाळीस बाय चौपन्न

२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात, गुडघे ऐकत नाहीत.)

तुझं पत्र परवा आलं. तीन वेळा वाचलं, मग लेकीकडून वाचून घेतलं. न जाणो, माझ्या नजरेतून एखादी ओळ सुटली असली तर? तर तुझी इमारत पाडणार हे नक्की, आणि महिनाअखेर तुला घर सोडायचंय. भाचा म्हणतो, मोठ्या शहरात माझ्याकडे ये, एकोणिसाव्या मजल्यावर. आणि तू मला विचारतेस की तुझं ते ना लहान ना मोठं शहर राहायला कसं आहे, चांगलं-वाईट खरंखरं लिही, मग ठरवते.

अक्का, इतकी मोठी जबाबदारी चौथी शिकलेल्या माणसावर टाकू नये. पण विचारलंस म्हणून लिहितो. मी शिंपी. कापड घेताना आधी उलट बाजू बघतो, गाठी तिथेच सापडतात. म्हणून उलट आधी.

इथल्या सगळ्या इमारती एका मापाच्या. गेल्या महिन्यात मी शेजारच्याच इमारतीत शिरलो आणि परक्या दाराला किल्ली लावून झटत बसलो. आतून बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या चार पँटी मी आखूड केलेल्या, म्हणून वाचलो. चहा पाजून त्यांनी मला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. हे दुसरं उलट, इथे काही झाकून राहत नाही. तिसरं, डोळ्यांचा डॉक्टर फक्त गुरुवारी येतो. शुक्रवारी डोळ्यात काही गेलं तर आठवडाभर दुसऱ्या डोळ्याने बघायचं. चौथं, सकाळी सातच्या बसने लेक-जावई मोठ्या शहरात कामाला जातात आणि त्यांच्याबरोबर निम्मं गाव जातं. दुपारी रस्त्यावर मी, पोस्टमन आणि बाबागाड्या. पाचवं, बागेत बाक आहे तिथे सावली नाही, सावली आहे तिथे बाक नाही. सहावं, आठ वाजता दुकानं बंद. सातवं, जिकडेतिकडे बांधकाम, टाचण्यांवरसुद्धा धूळ बसते. आठवं, कुठून आलात म्हणून कोणी विचारलं आणि मी या शहराचं नाव सांगितलं, की लोक विचारतात, ते कुणीकडे आलं?

आता सुलट. दहा मिनिटांत सगळीकडे पायी जाता येतं. लॉन्ड्रीवालीने माझं मशीन तिच्या दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून घेतलंय, रोज सकाळी तिथे बसतो, निम्म्या गावाच्या कमरा मला पाठ आहेत. आणि आमच्याच इमारतीत तळमजल्याची एक खोली जानेवारीपासून रिकामी आहे. पायरी एकही नाही, खिडकी पूर्वेला, सव्वाबेचाळीस बाय चौपन्न. असो.

मी काही सांगत नाही. तुझं तूच ठरव. मी म्हणालो म्हणून असं व्हायला नको.

लोभ शिवलेला आहेच, तो उसवू नये ही विनंती.

तुझा
टाचण्या

९ मार्च

चि. टाचण्यास,
अनेक उ. आशीर्वाद. (त्यातला एक गुडघ्यांना वेगळा काढून.)

तुझं पत्र पोचलं. मोजलं. उलट आठ, सुलट तीन. तीस वर्षं इस्पितळात नर्स होते रे मी. कुणाचा इतका वाईट रिपोर्ट आला असता, तर नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून हळूच सांगितलं असतं.

चिरंजीवांनीही वाचलं. म्हणाले, आई, मामाला तू तिकडे यायला नकोयस, हे सरळ आहे. मी त्याला झापलं. माझा भाऊ तसा नाही, तो लहानपणापासून तोंडात टाचण्या धरून बोलतो, नीट बाहेर येत नाही इतकंच, असं सांगितलं. मग रात्रभर विचार केला. एवढं लांबलचक पत्र, पण त्यात 'ये' हे एक अक्षर कुठे नव्हतं.

तेव्हा एकोणिसावा मजला ठरवला. चिरंजीव अठ्ठावीसला गाडी घेऊन येतोय. तिथली खिडकी उघडत नाही म्हणे, पण दृश्य छान आहे. लोकरीच्या पेटीला जागा नाही. लोकर शेजारणींना देऊन टाकीन. हल्ली टाके मोजताना डोळेही दुखतात.

रागावले नाहीये. खरं लिही म्हटलं होतं, तू लिहिलंस. लेकीला आशीर्वाद.

लोभ असावा, आणि मागायच्या आधी द्यावा.

अक्का

१३ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र आल्यापासून माझा हात ठिकाणावर नाही. काल एका मास्तरांची पँट एका पायाला दोन इंच जास्त आखूड झाली. लॉन्ड्रीवाली म्हणाली, आजोबा, घरी जा, नाहीतर गावात सगळे लंगडताना दिसतील.

अक्का, एक गोष्ट पंचावन्न वर्षं पोटात आहे, ती लिहितो. तुला बघायला ते लोक आले होते, त्या दिवशी तू मला माडीच्या जिन्यात गाठून विचारलंस की तुला कसा वाटतो रे. मी सोळा वर्षांचा. त्याने मला सायकलवर एक फेरी मारू दिली होती, एवढ्यावर मी तुला म्हणालो, चांगला आहे, हो म्हण. तू हो म्हणालीस. पुढे एकवीस वर्षं तू माहेरी आलीस की लांब बाह्यांचे ब्लाउज घालायचीस. ते मीच शिवायचो. उन्हाळ्यातही बाही मनगटापर्यंत ठेव म्हणायचीस. मी का म्हणून विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तेव्हापासून मी कोणालाच कशाला हो म्हण म्हणत नाही. गिऱ्हाइकाला रंगही सुचवत नाही. लेकीच्या लग्नात मी दोन दिवस तापाने पडलो होतो, तो ताप नव्हता. आता तू विचारलंस आणि मी आधी सगळ्या गाठी दाखवल्या. म्हटलं, नंतर काही निघालं तर अक्काला आधीच सांगितलं होतं असं तरी होईल. तुला नको म्हणायचं नव्हतं गं. पण ते एक अक्षर लिहायला गेलो की तो जिना दिसतो.

लोकर मात्र देऊ नकोस. कुठेही राहा, पण लोकर देऊ नकोस.

चुकलंमाकलं पोटात घे, जागा असेल तर.

टाचण्या

१८ मार्च

चि. टाचण्यास,
अ. उ. आशीर्वाद.

वेड्या, त्या दिवशी मी तुझ्याआधी मोलकरणीला विचारलं होतं, आत्याला विचारलं होतं, आणि बाहेर बांधलेल्या म्हशीलाही. म्हैस तेवढी गप्प राहिली. हो मीच म्हणाले, मला माडीतून बाहेर पडायचं होतं म्हणून. त्यात तुझ्या सायकलच्या फेरीचा काही हात नव्हता. पंचावन्न वर्षं फुकट कुढलास. आणि त्या बाह्या, त्यांच्यामुळे मला चारचौघांत ताठ मानेने बसता आलं. कधी बोलले नाही, आज बोलते.

आता दुसरं. तू शिंपी, तुझ्यासाठी उलट म्हणजे आत लपवायची बाजू. मी विणणारी. नुसतं सुलट सुलट विणलं तर कापड कडेने गुंडाळत जातं, सरळ राहतच नाही. मनगटाची पट्टी दोन सुलट दोन उलट अशीच घालावी लागते, म्हणून ती ताणली तरी परत जागेवर येते. तुझी यादी मी परत मोजली, या वेळी विणणारीच्या डोळ्यांनी. आठ उलट आहेत, सुलट पाच कमी पडतात. ते आपण दोघं शोधू. बागेत छत्री घेऊन बसलं की एक तिथेच झाला.

आणि तू स्वतःला फार हुशार समजतोस का रे? रिकाम्या खोलीची खिडकी पाव इंचापर्यंत कोण मोजतं? पहिल्या पत्रात मी ते वाचलंच नाही, नुसती गाठी मोजत बसले. म्हणजे आपण दोघंही सारखेच.

चिरंजीवाला सांगितलंय, गाडी तुझ्या गावाकडे वळव. आधी फुगला, मग म्हणाला, शनिवार-रविवार येत जाईन. गुरुवारच्या डॉक्टरकडे माझं नाव घालून ठेव.

लोभाचे टाके सैल घाल, घट्ट घातले की बोचतात.

अक्का

२२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. (आज गुडघ्यांसकट. लेकीने धरून उठवलं.)

खोली झाडून घेतली. नळ दोनदा तपासला. कडी तीनदा. भिंतीला ओल नाही, पण तू स्वतः हात लावून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. डॉक्टरकडे तू आल्यानंतरच्या गुरुवारी तुझा पहिला नंबर लावलाय. लोकरीच्या पेटीला खिडकीखाली जागा ठेवलीय. पेटीचं माप कळव.

पडदा जानेवारीतच शिवून झाला होता, तुझी इमारत पाडणार अशी नुसती कुणकुण होती तेव्हाच. हे लेकीलाही माहीत नव्हतं, आता सगळ्या लॉन्ड्रीला माहीत आहे. तुझं पत्र आल्यावर तो उसवला आणि दुहेरी करून परत शिवला. आता आतून बघ की बाहेरून, सुलटच दिसतो. उलट बाजू दोन्हींच्या मध्ये आहे, आणि ती आहे म्हणून तो जड पडतो, वाऱ्याने उडत नाही.

इमारती सगळ्या सारख्या आहेत हे भाच्याला सांग. त्याने परक्या दारात नेऊन उतरवलं तर पंचाईत. निळा पडदा दिसला की तेच घर. तरी मी सकाळपासून फाटकाशी उभा असेन, गळ्यात मापाची टेप असेल, तिच्यावरून ओळख.

लोभ इथे आहे, तोही घ्यायला यावं.

मागच्या पत्रांत एक अक्षर राहून गेलं होतं, ते आता लिहितो.

ये.

टाचण्या