मोनोरेलच्या सभेत मी तुझ्याबद्दल बोलले

माय, आपल्या गावात मोनोरेल येणार नाही. हे तुला सांगायलाच हवं, कारण ती येऊ नये म्हणून मी भर सभेत तुझं मरण सांगितलं, आणि त्या दिवसापासून तुझा मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. तू गेलीस तेव्हा हा शब्द आपल्याकडे कोणाला माहीत नव्हता. सिमेंटच्या एकाच जाड तुळईवर बसून चालणारी छोटी आगगाडी, रस्त्याच्या वर, खांबांवरून जाणारी. सरकारी दवाखान्यापासून बसस्टँडवरून दारव्हा रोडच्या नव्या वसाहतींपर्यंत ती न्यायची, असा प्रस्ताव एका कंपनीनं आणला होता. मी आता पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. रस्ते आणि वाहतूक हाच माझा विषय, म्हणून प्रस्ताव तपासायच्या समितीत मला घेतलं. गावचीच मुलगी आहे, मुकाट्यानं सही करेल, असंही कोणाला वाटलं असेल.

त्या कंपनीचे नकाशे मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरले तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू दवाखान्यातली, वॉर्डातली ड्युटी संपवून आलेली आहेस. हाताला फिनेलचा वास म्हणून दोनदोनदा साबण लावतेस आणि मग परातीत पीठ घेतेस. मी उजेडासाठी दाराशी बसून ड्रॉइंग शीटवर रेघा मारते आहे. त्या वर्षी तू मला रेघा आखायचा मिनी ड्राफ्टर आणून दिला होतास. नवा, पदराखाली झाकून आणलेला, जणू कोणी हिसकावून नेईल. मी तो कसा लावायचा हे सांगायला लागले तर म्हणालीस, "ते मले नको सांगू. तू वापर." पण एक गोष्ट तू ऐकून सोडून दिली नाहीस. शेजारची काकू सहज विचारायला आली, कॉलेजात काय शिकवतात म्हणून, आणि मी तिच्यासमोर पुस्तकातले सगळे इंग्रजी शब्द ओतले. ती हसून निघून गेली. तू पोळी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे न बघता बोललीस, "ते बाई तुले समजून घ्याले आलती. तुनं तिले हाकललं."

त्याच हिवाळ्यात आपल्या वस्तीत येणारी शहर बस बंद झाली. कोणीतरी कंत्राटदार होता, त्यानं गाड्या काढून घेतल्या. कळवलं कोणी नाही. बाया रोज सकाळी त्या लिंबाखाली उभ्या राहायच्या, वाट बघायच्या आणि शेवटी चालू लागायच्या. तूही त्यांच्यात. मग तू थांबणंच सोडलंस. घरून अंधारात निघायचीस, दारव्हा रोडच्या कडेनं चौकापर्यंत चालायचीस आणि तिथून ऑटो धरायचीस. त्या सकाळी धुकं होतं. कापूस भरलेला पिकअप मागून आला. बाई दिसलीच नाही, असं ड्रायव्हर म्हणाला, आणि ते खरंच असावं, कारण रस्त्याला चालण्याजोगी कडच नव्हती. डांबर संपलं की सरळ खड्डा. तुला आणलं तेही तुझ्याच दवाखान्यात. ज्या फरशा तू पुसायचीस त्याच वॉर्डात तू पडून होतीस आणि तुझ्या सोबतच्या मावश्या येऊन तुझी वेणी घालत होत्या. मधूनच शुद्धीवर आलीस तेव्हा विचारलंस, "ड्युटीवर कळवलं काय?" त्यानंतर तू कळेल असं काही बोलली नाहीस. बाबा आधीच गेलेले. घरात मी आणि भाऊ उरलो.

भाऊ आता दिग्रसच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. चांगला चालवतो. धुक्यात गाडी काढत नाही, लोक शिव्या देतात तरी काढत नाही. समितीत माझं नाव आहे हे कळल्यावर तो एका रविवारी घरी आला. हातात कंपनीचा रंगीत कागद होता. त्यावर निळ्या आकाशात पांढरी गाडी आणि खाली झाडं, झाडांखाली फिरणारी माणसं. चहा समोर ठेवला तरी त्यानं हात लावला नाही.

"ताई, तू सही देऊन राह्यली ना?"

"आमी अजून पाहून राह्यलो."

"पाहाचं काय त्यात? गाडी वरून जाईन. खाली कोनाच्या अंगावर जाईन काय?"

तो काय म्हणत होता ते मला समजलं. इतक्या वर्षांत आम्ही तुझ्या अपघाताबद्दल कधी बोललो नव्हतो आणि आज तो मोनोरेलच्या आडून बोलत होता. मीही तशीच आडून बोलले. म्हटलं, "ते गाडी आपल्या वस्तीत येतच नाई. स्टेशन मेन रोडवर. तिथवर पायीच जा लागन. माय गेलती तसंच, त्याच कडेनं."

"मंग बस आनली त काय होईन?"

"बस वस्तीत येते. दारापाशी."

"आलती ना. अन् गेली बी." तो शांतपणे म्हणाला. "बस कोनी बी काढून नेते, ताई. खांब गाडले का कोनी उपटून नेत नाई."

आमच्या विषयात यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. सिमेंटमध्ये केलेली सोय टिकते आणि चाकांवरची सोय एका सहीनं उठते, हा मोनोरेलच्या बाजूचा सगळ्यात खरा मुद्दा आहे. पण तो मुद्दा मला तुझ्या मुलाच्या तोंडून ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, रिकामी धावणारी गाडी खांबांवर असली तरी बंद पडते, आणि मग खांब तेवढे उरतात. तो म्हणाला, "उरू दे. रस्त्याच्या मधात खांब असन त गाड्या तरी हळू जाईन." आणि चहा तसाच ठेवून गेला.

सभा नगरभवनात झाली, दुपारची. कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर आला होता. अदबीचा, खोटं न बोलणारा. त्यानं सांगितलं की आपले रस्ते अरुंद आहेत, खांबाला जागा थोडी लागते, कोणाचं घर पाडावं लागणार नाही, आवाज होणार नाही. हे सगळं खरं होतं आणि मी माझ्या टिपणात ते खरं म्हणून लिहिलंही होतं. मग मी उठले. सांगितलं की ही गाडी एकाच रेघेवर जाते आणि आपलं गाव काही एका रेघेवर राहत नाही. नेरहून, दिग्रसहून माणूस पेशंट घेऊन बसस्टँडवर उतरतो, त्याला दवाखान्याच्या दाराशी पोचायचं असतं, स्टेशनच्या जिन्याच्या पायथ्याशी नाही. लाइट गेली आणि गाडी अधेमधे थांबली तर उतरायला खाली जमीन नाही. सुटे भाग एकाच कंपनीकडून आणावे लागतील. या एका रेघेच्या पैशात प्रत्येक वस्तीत बस जाईल, आणि वर्षानुवर्षं जाईल.

एक कापड दुकानदार मधेच उठला. "मॅडम, मोठ्या शहरायले चालते, आमाले काहून नाई? आमी काय जन्मभर खटाऱ्यातच बसाचं?"

टाळ्या पडल्या. माय, त्या टाळ्या मूर्खांच्या नव्हत्या. नवं कोरं असं काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांच्या होत्या. मी पडद्यावर तक्ते दाखवत राहिले. माणसं खुर्चीत चुळबूळ करायला लागली, कोणी फोन काढले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, थोडक्यात घ्या." आणि मला दिसलं की मी पुन्हा तेच करते आहे, ऐकायला आलेल्यांना हाकलते आहे. मी पडदा बंद करायला सांगितलं. म्हटलं, माझी आई दवाखान्यात मावशी होती. वस्तीतली बस बंद झाली म्हणून ती याच रोडवरून पहाटे चालत ड्युटीला जायची आणि याच रोडवर गेली. ही गाडी तेव्हा असती तरी ती चालतच गेली असती, कारण ती आमच्या वस्तीला थांबत नाही. आणि थांबली असती तरी माझी आई त्या जिन्यानं वर चढली नसती. तिला उंचीची भीती वाटायची. ती खाली उभी राहिली असती, वर बघितलं असतं आणि पुढं चालू लागली असती.

तो दुकानदार खाली बघत बसला. मागे दाराजवळ भाऊ उभा होता, मला तो आलेला माहीत नव्हता. माझं बोलणं संपायच्या आत तो निघून गेला.

समितीनं नको असा अहवाल दिला. कंपनी सभेत मांडलेलं आपलं काचेच्या पेटीतलं मॉडेल उचलून घेऊन गेली. पण माझ्या टिपणाचा दुसरा अर्धा भाग, वस्त्यांमधून बस कशा फिरवायच्या तो, सगळ्यांनी चांगला आहे म्हटलं आणि नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवला. नंतर कोणी पाहिला नाही. मोनोरेल गेली आणि बसही आली नाही. वस्तीतल्या बाया अजून पहाटे त्याच कडेनं चालतात. मागच्या आठवड्यात एकीजवळ मी स्कूटर थांबवली, तिला मागे बसवून चौकात सोडलं. ती उतरताना म्हणाली, "उद्या बी येसान काय, मॅडम?" मी स्कूटर वळवली.

काल भावाकडे गेले. तो अंगणात जीप धूत होता. मला बघून पाइप बंद केला नाही.

"सभेत तसं काहून सांगतलं तुनं?"

"कसं?"

"माय भेत होती म्हनून." त्यानं टायरवर पाणी मारलं. "दुर्गादेवीच्या जत्रेत आकाशपाळन्यात मले कोन घेऊन बसे? उतरली का पुन्हा बसे. पाळनेवाला हासे तिले. वरून मले दवाखाना दाखवे, तो पाह्य म्हने, माह्या वॉर्डाची खिडकी. तू खाली उभी राहे आमच्या चपला धरून."

त्याची बायको पाणी घेऊन आली, ते प्यायले आणि निघाले.

मोनोरेल आपल्याला नको होती, हे मला आजही तसंच पटतं. पुन्हा समितीत बसवलं तर पुन्हा तेच लिहीन. हे सगळं लिहून भावाला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण दाखवणार नाही. तुला तर ते पोचायचंच नाही. तेव्हा इथंच लिहून ठेवते, माय, की उंचीची भीती मला वाटते. ती गाडी आली असती तर तू पहिल्याच दिवशी वर गेली असतीस, आणि घाबरून खाली उभी राहणारी मी होते.